इंजिन बंद करणारा कप्तान: छोट्या बोटीतून कडे, पक्षी आणि देवमासे बघण्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरचे चौघं जाणार, त्यात 66 वर्षांची आई आणि 10 वर्षांची मुलगी. किनाऱ्याचे उंच कडे, समुद्री पक्षी आणि जमलं तर देवमासे बघायचे आहेत. मोठ्या जहाजाने जावं की छोट्या बोटीने? आईला बोट लागते, त्याचं काय? आणि ‘खात्रीने दाखवतो’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवावा का? मी बरीच वर्षं छोट्या बोटींवर निसर्ग-वाटाड्या म्हणून काम करतो आहे. आधी उत्तर देतो, मग कारणं.

छोट्या बोटीनेच जा, पण आईला घेऊन वेगवान रबरी बोटीत बसू नका. दहा ते चाळीस माणसांची, संथ चालणारी, छप्पर आणि बंद केबिन असलेली बोट घ्या. तिकीट काढण्याआधी फोन करून एकच गोष्ट विचारा: ‘प्राणी दिसला की तुमचा कप्तान काय करतो?’ ‘वेग कमी करतो, बाजूला थांबतो, इंजिन न्यूट्रलला टाकतो किंवा बंद करतो आणि वाट बघतो’ असं उत्तर आलं तर पैसे भरा. ‘एकदम जवळ नेतो’ असं आलं तर दुसरीकडे चौकशी करा. ‘खात्रीने दाखवतो’ याचा अर्थ काही ठिकाणी ‘नाही दिसलं तर दुसरी फेरी फुकट’ एवढाच असतो आणि तो व्यवहार सरळ आहे. त्यापलीकडची खात्री समुद्रात कोणी देऊ शकत नाही.

छोट्या बोटीचा तोटाही आधीच सांगतो. डोळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर असतील तर क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. नऊ मीटर उंच डेकवरून तेच साधारण पावणेअकरा किलोमीटरवर जातं. म्हणजे लांबच्या देवमाशाच्या श्वासाचा फवारा मोठ्या जहाजावरून आधी दिसणार, यात शंका नाही. पण जहाजावर तुम्ही वरून बघता आणि बोटीत त्या प्राण्याच्या पातळीवर असता. वारा पडलेला असेल आणि इंजिन बंद असेल तर देवमाशाचा श्वास दिसायच्या आधी ऐकू येतो. मोठ्या भात्यातून एकदम हवा सोडावी तसा तो आवाज. वाऱ्याची दिशा तशी असेल तर वासही येतो, शिळ्या मासळीसारखा. ज्याने तो आवाज एकदा ऐकला त्याला मी फोटोच्या मागे धावताना फारसं पाहिलेलं नाही. छोटी बोट घ्यायची ती मुख्यतः यासाठी. अरुंद खाड्यांत आणि कड्यांच्या जवळ जाता येतं, हा फायदा दुसरा.

आता रबरी बोटीबद्दल. फुगवलेल्या कडांच्या त्या बोटी 25-30 नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर) पळतात आणि लाटेवरून उडून खाली आपटतात. तो दणका सरळ मणक्यात जातो. अशा फेऱ्यांत प्रवाशांच्या कमरेचे मणके मोडल्याची उदाहरणं आहेत. सगळ्यात जास्त मार पुढच्या सीटवर बसतो आणि हौशी माणसं तीच जागा धरायला धावतात. गरोदर स्त्रिया, पाठीचं दुखणं असलेले, हाडं ठिसूळ झालेले वयस्क आणि ज्यांचे पाय नीट टेकत नाहीत अशी लहान मुलं यांनी तिच्यात बसू नये. तुम्ही दोघांनी हौसेखातर गेलातच तर मागच्या सीटवर बसा, पाय रोवून, गुडघे किंचित वाकवून. कप्तान प्रत्येक मोठ्या लाटेआधी वेग कमी करतो का, यावरून तो कसा आहे ते पाच मिनिटांत कळतं.

कप्तानाबद्दल मी इतकं का बोलतो आहे? कारण प्राण्यांना त्रास होतो की नाही आणि तुम्हाला काय बघायला मिळतं, या दोन्ही गोष्टी त्याच्या एका हातावर अवलंबून असतात. चांगला कप्तान देवमाशाच्या समोरून कधीच येत नाही आणि बरोबर पाठीमागून पाठलागही करत नाही. तो बाजूने, किंचित मागे राहून, त्याच दिशेला समांतर आणि त्याच्याच वेगाने चालतो. मग हळूहळू वेग कमी करतो आणि थांबतो. यापुढचं अंतर देवमाशाने ठरवायचं असतं.

नियम देशागणिक वेगळे आहेत, पण सगळ्यांचा रोख एकच आहे. ऑस्ट्रेलियात देवमाशापासून 100 मीटर आणि डॉल्फिनपासून 50 मीटरच्या आत बोट नेता येत नाही. न्यूझीलंडमध्ये 300 मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी चालत नाहीत आणि त्या अंतरात लाट उठणार नाही इतका वेग ठेवावा लागतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तिथल्या दक्षिणेकडच्या निवासी ओर्कांसाठी (काळे-पांढरे ‘किलर व्हेल’) जानेवारी 2025 पासून 1000 यार्ड, म्हणजे सुमारे 914 मीटर अंतर सक्तीचं आहे. एवढं का, असं वाटेल. हे ओर्का सॅमन मासे शोधतात ते आवाजाच्या प्रतिध्वनीवरून. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि लांबवर पोचतो. आजूबाजूला इंजिनं घरघरत असली की त्यांची शिकार बुडते. त्यांची संख्या शंभराच्या आत आहे, त्यामुळे बुडालेली एकेक शिकार मोजावी लागते.

दुसरं उदाहरण हवाईच्या स्पिनर डॉल्फिनचं. ते रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ, शांत खाड्यांत येऊन झोप घेतात. पर्यटकांना ते दिसतात ते नेमके झोपेच्या वेळी. म्हणून 2021 पासून तिथे किनाऱ्याजवळच्या पाण्यात त्यांच्या 50 यार्डांच्या आत पोहायला किंवा बोट न्यायला बंदी आहे. डॉल्फिनचा कळप संथ, घट्ट जमून, एका लयीत वर-खाली होत असेल आणि कोणी उड्या मारत नसेल, तर तो झोपलेला आहे असं समजा. त्यांना उठवून उड्या मारायला लावणारा कप्तान मला मान्य नाही, प्रवाशांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण थांबण्याने काय मिळतं ते तिथे दिसतं. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात सॅन इग्नासिओ नावाची उथळ खाडी आहे. हिवाळ्यात करडे देवमासे तिथे पिल्लं घालायला येतात. जुन्या शिकाऱ्यांनी त्यांना ‘सैतान मासा’ म्हटलं होतं, कारण पिल्लाला वाचवताना माद्या होड्या फोडायच्या. 1972 मध्ये पाचिको मायोरल या तिथल्या कोळ्याच्या होडीजवळ एक देवमासा आला आणि हलेना, तेव्हा त्याने हात लांबवून त्याला स्पर्श केला. आज तिथे छोट्या होड्या ठरलेल्या जागी जाऊन नुसत्या थांबतात आणि काही माद्या पिल्लांना घेऊन आपणहून होडीच्या काठाला येतात. आल्या तर आल्या. मागे लागून कोणालाही तो अनुभव मिळालेला नाही.

डॉल्फिन नाळेपुढे (बोटीच्या पुढच्या टोकापुढे) पोहताना दिसले तर तेही त्यांच्या मर्जीने आलेले असतात. बोट पुढे पाणी ढकलते, त्या दाबाच्या लाटेवर त्यांना फुकटचा रेटा मिळतो. अशा वेळी कप्तानाने वेग आणि दिशा जशीच्या तशी ठेवायची असते. तुम्ही नाळेच्या कठड्याला धरून खाली वाकून बघा. चष्म्याला दोरी बांधलेली असू दे.

सीलच्या खडकांपाशी खूण वेगळी असते. बोट आली म्हणून एक-दोन डोकी वर झाली तर हरकत नाही. एकदम निम्मा कळप मान उंचावून बघायला लागला तर आपण फार जवळ आलो आहोत, लगेच मागे सरायचं. ते घाबरून एकदम पाण्याकडे सुटले तर पिल्लं चेंगरतात. समुद्री पाणमांजरांचंही असंच. त्यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो, ऊब राहते ती दाट केसांमुळे आणि सतत खाण्यामुळे. ती रोज आपल्या वजनाच्या जवळजवळ पावपट खातात. समुद्रशेवाळाच्या पट्ट्यांत उताणी पडलेली पाणमांजरं बोटीमुळे पुन्हा पुन्हा बुडी मारायला लागली, तर तेवढी ऊर्जा त्यांना परत खाऊनच भरून काढावी लागते.

आता बघायचं कसं. पहिली गोष्ट वारा. वाऱ्याचा जोर मोजण्याच्या बोफर्ट मापनात 3 पर्यंत, म्हणजे साधारण 10 नॉटपर्यंत वारा असेल तर बघायला मजा येते. 4 वर गेला की जिकडेतिकडे लाटांचे माथे फुटून पांढरे होतात आणि प्रत्येक फेस तुम्हाला देवमासा वाटतो. बऱ्याच किनाऱ्यांवर सकाळी वारा कमी असतो, त्यामुळे निवड असेल तर पहिली फेरी घ्या.

दुर्बीण सुरुवातीपासून डोळ्याला लावू नका. आधी उघड्या डोळ्यांनी क्षितिजापासून बोटीपर्यंत सावकाश नजर फिरवा. काही वेगळं दिसलं की मग दुर्बीण. हलत्या बोटीवर दहा पटीची दुर्बीण हाताच्या थरथरीने निरुपयोगी होते. 7x50 (सात पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची) ही दर्यावर्दींची आवडती, 8x42 असली तरी चालेल. पोलराइज्ड चष्मा जरूर घ्या, पाण्यावरची चकाकी तो कापतो आणि पृष्ठभागाखालची हालचाल दिसते. दिशा सांगताना घड्याळाची पद्धत वापरतात: नाळेचं टोक म्हणजे बारा, उजवा काठ म्हणजे तीन. ‘तिकडे, तिकडे’ ओरडण्यापेक्षा ‘दोन वाजता, लांब’ म्हटलं की सगळ्यांना दिसतं.

पक्ष्यांकडे लक्ष ठेवा, कारण ते तुमच्यापेक्षा आधी बघतात. कुरव आणि सुरय एकाच जागी गोंगाट करत घिरट्या घालत असतील तर खाली लहान माशांचा थवा वर ढकलला गेला आहे आणि ढकलणारं कोणीतरी खाली आहे. गॅनेट पक्षी तीस मीटर उंचीवरून पंख मिटून जवळजवळ ताशी शंभर किलोमीटरने पाण्यात शिरतात. ते दृश्य देवमाशापेक्षा कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही. अलास्काच्या आग्नेय भागात कुबड्या देवमासे मिळून बुडबुड्यांचं कडं करतात आणि त्यात हेरिंग मासे कोंडतात. पाण्यावर बुडबुड्यांचं वर्तुळ उमटायला लागलं की पक्षी त्यावर जमतात आणि काही क्षणांत उघडे जबडे वर येतात. अशा वेळी बोट जिथे आहे तिथेच राहिली पाहिजे.

फवाऱ्यावरून जात ओळखता येते. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ खांबासारखा, नऊ मीटरपर्यंत जाणारा. कुबड्याचा झुडपासारखा पसरट. राइट देवमाशाचा मागून पाहिलं तर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दुभंगलेला. स्पर्म देवमाशाची एकच नाकपुडी डोक्याच्या पुढच्या टोकाला डावीकडे असते, म्हणून त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे तिरका उडतो. हा एकदा ओळखला की पुढचं गणित जमतं: तो आठ-दहा मिनिटं वर राहून श्वास घेतो, मग शेपूट उभी करून बुडी मारतो आणि पाऊण ते एक तासाने वर येतो. न्यूझीलंडच्या कायकोरा इथे समुद्रतळ किनाऱ्याजवळच हजार मीटरहून खोल जातो, म्हणून हे खोल पाण्यातले प्राणी तिथे वर्षभर किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर भेटतात. तिथे पाण्यात मायक्रोफोन सोडून त्यांची टकटक ऐकतात आणि ती थांबली की तो वर यायला निघाला असं समजतात.

किनारा बघण्याबद्दल लोक कमी विचारतात, पण आठ तासांतले सात तास तुम्ही तोच बघणार आहात. फ्योर्डमध्ये गेलात तर आपण हिमनदीने कोरलेल्या दरीत तरंगतो आहोत हे लक्षात ठेवा. नॉर्वेचा सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि आत सुमारे 1300 मीटर खोल आहे. मुखाशी मात्र तळ एकदम वर येतो, कारण समुद्राजवळ बर्फ पातळ होऊन त्याचा जोर ओसरला. न्यूझीलंडच्या मिलफर्ड साउंडमध्ये पाऊस इतका पडतो की खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. जंगलातून येताना ते पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि उजेड अडवतं. त्यामुळे एरवी खूप खोलवर राहणारं काळं प्रवाळ तिथे दहा-बारा मीटरवर वाढतं. जिवंत असताना ते पांढरं दिसतं, काळा असतो तो आतला सांगाडा.

समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीपाशी गेलात तर मुलीला एक प्रयोग करायला लावा. बर्फाचा कडा कोसळताना दिसला की आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंद लागले तर कडा जवळजवळ एक किलोमीटरवर आहे. डोळ्यांना तो कायम याहून जवळ वाटतो, म्हणून अनुभवी कप्तान पुढे जात नाहीत.

कड्यांबाबत एक बारकावा. उभ्या कातळावर आपटलेली लाट परत फिरते आणि येणाऱ्या लाटेशी भिडते, त्यामुळे कड्याच्या अगदी पायथ्याशी समुद्र अस्ताव्यस्त उसळतो. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर बेसॉल्टचे षट्कोनी खांब आणि समुद्राने पोखरलेली मोठी गुहा आहे. तिथे उतरायला मिळेल की नाही हे लाट आणि भरती ठरवते, तिकीट नाही. आणि पफिन (रंगीत चोचीचे छोटे समुद्री पक्षी) बघायचे असतील तर तारखा नीट बघा. ते साधारण एप्रिलमध्ये कड्यांवर येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रात निघून जातात. ऑगस्टअखेरीस गेलात तर रिकामी बिळं दिसतील.

आता आई. बोट लागते ती पोटामुळे नाही. कान सांगतो हलतं आहे, डोळा सांगतो समोरची भिंत स्थिर आहे, आणि मेंदूचा गोंधळ होतो. म्हणून केबिनमध्ये जाऊन मोबाइल बघत बसणं सगळ्यात वाईट. बोटीच्या मध्यावर, जितकं खाली तितकं बरं, तोंड पुढे आणि नजर क्षितिजावर. मागच्या टोकाला डिझेलचा धूर येतो, तिथे बसवू नका. उपाशीपोटी नेऊ नका आणि तळलेलं खाऊनही नेऊ नका. गोळी घ्यायची तर निघण्याच्या अर्धा-एक तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर फार उपयोग होत नाही. कानामागे लावायची पट्टीही मिळते, ती काही तास आधी लावतात, पण काचबिंदू असणाऱ्यांना ती चालत नाही आणि वयस्कांना कधीकधी गोंधळल्यासारखं होतं. त्यामुळे आईच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. आणखी एक: वारा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह एकमेकांविरुद्ध असले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. दोन्ही एका दिशेला असताना तोच समुद्र कितीतरी सुसह्य असतो. कप्तानाला ‘कोणत्या फेरीला वारा आणि प्रवाह एका दिशेला असेल?’ असं विचारा. तो खूश होऊन नीट सांगेल.

कपडे किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा दोन थर जास्त, सगळ्यात वर वारा अडवणारं. जीवरक्षक जॅकेट मुलीच्या वजनाचंच हवं आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलं, नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. ते नुसतं टांगलेलं असू नये, अंगात असावं. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा पहिला मिनिट धाप आवरण्यात जातो आणि दहाएक मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात. तेव्हा जॅकेट चढवायला कोणाला जमत नाही.

कॅमेरा एकच न्या आणि तो एकाकडेच द्या. कुबड्या देवमाशाने शेपूट उभी केली तर खालच्या बाजूचा फोटो घ्या. तिथली काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. असे फोटो ‘हॅपीव्हेल’ या उपक्रमाला पाठवता येतात, तिथे ते जुन्या नोंदींशी ताडून बघतात. ओर्का ओळखण्याची अशीच पद्धत संशोधक मायकल बिग यांनी 1970 च्या दशकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बसवली, पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग बघून. किती ओर्का आहेत हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, आणि लोक समजत होते त्यापेक्षा ते फार कमी निघाले.

मुलीच्या हातात वही आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ द्या. प्रत्येक फवाऱ्याची वेळ, घड्याळाची दिशा आणि दोन फवाऱ्यांमधलं अंतर तिने लिहायचं. तीन-चार फवाऱ्यांनंतर पाठ उंच कमान करून आत गेली की ती लांबची बुडी असते, तिथपासून पुन्हा मोजायला सुरुवात. दुसऱ्यांदा तो वर यायच्या अर्धा मिनिट आधी तिला सांगता यायला लागेल की आता बघा, आणि तेव्हा बोटीतल्या सगळ्यांनी बोलणं थांबवायचं.